पावण्याची खरूज

ससा आमच्याकडे दिवाळीच्या दिवसांत आला. कुणी आणून दिला नाही. इमारतीच्या पार्किंगमध्ये एका जुन्या स्कूटरच्या मागे तो बसलेला होता आणि रस्त्यावर माळ वाजली की भिंतीत शिरायला बघत होता. पांढरा, कान काळपट, एका डोळ्याभोवती काजळ फिसकटल्यासारखं वर्तुळ. मी बाजारातून येत होते. वर जाऊन आईला सांगितलं, तर ती स्वतः जिना उतरून खाली आली. गुडघ्यांमुळे ती एरवी बस्तीत जाण्याखेरीज कशासाठी उतरत नाही. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर.

"कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

"काय की. आत्ताच दिसला."

"मग वर घे. आवाजानंच मरंल ते."

इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी त्याचा फोटो टाकला. आजूबाजूच्या गल्ल्यांत विचारून आले. कुणाचाच नव्हता. ग्रुपवर काही जणांनी अंगठे दाखवले, एकानं गाजराचं चित्र पाठवलं. दिवाळी संपली तरी कुणी न्यायला आलं नाही. आम्ही त्याला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की तो आपला झाला, असं आईचं म्हणणं. ती त्याला पावणं म्हणायची. अनोळखी माणसाला आमच्याकडे पावणंच म्हणतात, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आई कुरुंदवाडकडची, शेतकरी जैन घरातली. तिचं सगळं आयुष्य नियमांत गेलं आहे आणि त्या नियमांचा तिला त्रास होतो असं मला कधी दिसलं नाही. पाणी गाळून, जेवण सूर्य मावळायच्या आत, कांदा-बटाटा-गाजर-मुळा, म्हणजे जमिनीखाली वाढणारं काहीही घरात नाही. मी घरात तिचे नियम पाळते. घराबाहेर मला भूक लागेल तेव्हा मिळेल ते खाते. यावर आमचं एकदा बोलणं होऊन गेलेलं आहे, आता होत नाही.

ससा म्हटल्यावर लोकांना गाजर आठवतं. खालच्या मजल्यावरच्या काकी पहिल्याच आठवड्यात गाजरं घेऊन आल्या. आईनं त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं, ससा उचलून दारात आणला आणि म्हणाली, "तिथंच चारा. संपंस्तवर मी धरते." काकींनी जिन्यात उभं राहून त्याला गाजर चारलं. मंडईत आई मुळ्याचा फक्त पाला मागायची. भाजीवाली मुळे कापून बाजूला टाकायची आणि ओरडायची, "मावशी, मुळं ऱ्हायली की!" आई म्हणायची, "तुझ्यापाशीच असू देत."

पाला थोडा, बाकी सगळं आमचंच. आमच्या घरी आलेला जीव उपाशी जात नाही. चपातीचे तुकडे, बिस्किटं, भिजवलेले पोहे, सकाळच्या भाकरीचा पापुद्रा, वर बोटभर गूळ. ससा सगळं खायचा. दोन पायांवर उभा राहून आईच्या लुगड्याला नाक लावायचा. आईला याचं समाधान वाटायचं. चेहऱ्यावर ती समाधान फारसं दाखवत नाही, पण तो जवळ आला की तिचा हात आपोआप डब्याकडे जायचा.

एकच गोष्ट तिला झेपली नव्हती. एका सकाळी तिनं त्याला वाकून, स्वतःच्या पोटाखालून काहीतरी तोंडात घेताना बघितलं. मऊ, काळपट, घोसासारखी लेंडी होती ती. पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या घरात हे चाललं होतं. आई स्वयंपाकघरात गेली. मी मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की सशाचं ते नेहमीचं आहे, त्याचं पोट असंच चालतं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असंल. पण माझ्यासमोर नगो."

थंडी सुरू झाली तेव्हा त्याच्या पाठीवर कोंडा दिसायला लागला. आधी वाटलं, हवा कोरडी आहे. मग मानेवरचे केस पुंजक्यानं हातात यायला लागले. कानांच्या कडा जाड झाल्या, त्यावर राखाडी खपल्या धरल्या, नाकाच्या शेंड्यालाही तसंच. तो मागच्या पायानं कान खाजवायचा, इतक्या वेगानं की फरशीवर ढोल वाजवल्यासारखा आवाज यायचा. आईच्या हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, लाल पुरळ उठलं. ती म्हणाली उष्णता आहे. थंडीत कसली उष्णता, असं मी विचारलं नाही.

खालच्या काकींनी खोबरेल तेलात कापूर घालून लावायला सांगितलं. त्यांच्या माहेरी गुरांना लावायचे. आईनं तेल कोमट केलं, त्यात कापूर विरघळवला आणि ससा मांडीवर घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत चोळला. तो गप्प बसला. आम्हाला वाटलं, त्याला बरं वाटतंय. मांडीवरून उतरल्यावर तो कोपऱ्यात गेला आणि त्यानं अंग चाटायला सुरुवात केली. दुपारभर तो चाटत होता. तेल, कापूर, सुटलेले केस, सगळं पोटात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही त्याला अंथरूण घालून पेटी करून दिली होती, सकाळी तिच्यात एकही लेंडी नव्हती. पाला होता तसाच. बिस्किटाकडेही त्यानं तोंड वळवलं नाही. तो पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसला होता. मी कान लावला तर त्याच्या दातांचा बारीक कचकच आवाज येत होता. पोटाला हात लावला, ते पिठाच्या गोळ्यासारखं घट्ट लागलं. आईनं बघितलं आणि त्याच्यापुढं खाली बसली. गुडघ्यांमुळे ती जमिनीवर बसत नाही, पण बसली. तोंड त्याच्या कानाशी नेऊन णमोकार म्हणायला लागली. आमच्यात हे जाणाऱ्या जिवाच्या कानात म्हणतात. वडिलांच्या कानात तिनंच म्हटलं होतं.

"आई, त्याला डॉक्टरकडं नेऊ या."

ती थांबली नाही. मंत्र पूर्ण करून म्हणाली, "ने की. मी कुठं नको म्हणलीया? हे त्याच्या वाटंला असू दे."

मी भाजीच्या टोपलीत टॉवेल अंथरून त्याला ठेवलं. आई बरोबर आली. मी नको म्हटलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी दुपारपर्यंत उघडा असायचा. बाकावर एक लॅब्रेडॉर आणि त्याचा मालक, कोपऱ्यात मांजराची पिशवी. लॅब्रेडॉरनं टोपलीकडे नाक वळवल्यावर आईनं पदर टोपलीवर टाकला आणि मालकाकडे असं बघितलं की तो कुत्र्याला घेऊन दारात जाऊन उभा राहिला.

डॉक्टर पन्नाशीचे, उंच आवाजात बोलणारे. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मॅडम, माझ्याकडं कुत्री, मांजरं आणि म्हशी. ससा वर्षातनं एखादा येतो. त्यामुळं मी आधी एक फोन करणार, चालंल न्हवं?" त्यांच्याबरोबर शिकलेला एक मित्र दुसऱ्या शहरात सशांवर उपचार करायचा. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवून त्याला सगळं सांगितलं, सशाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "काहीच आवाज न्हाय. बंद पडलंय."

मग ते आमच्याकडं वळले. "आतडी थांबल्यात. गॅस भरलाय, दुखतंय त्याला. खायाला काय घालता?"

आईनं एकेक सांगितलं. चपाती, बिस्किट, पोहे, गूळ. ती लपवणाऱ्यातली नाही. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"मावशी, ह्यो गवत खाणारा प्राणी. म्हशीला रोज बिस्किटं चारली तर काय हुईल?"

"म्हशीला कोण चारंल?" आई म्हणाली.

"तेच म्हणतोय."

त्यांनी वेदना कमी होण्याचं इंजेक्शन दिलं, पाठीच्या कातडीखाली सलाईनचं पाणी सोडलं. तिथं उंटाच्या मदारीसारखा फुगवटा आला. आईनं त्यावर बोट ठेवून बघितलं. लहान बाळांना देतात ते गॅसचे थेंब लिहून दिले. वाळलं गवत बारीक दळून, कोमट पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजनं थोडं थोडं भरवायचं. गाजर अगदी क्वचित, कारण ते गोड. हे ऐकून आईनं माझ्याकडं बघितलं. त्या एका बाबतीत ती आधीपासून बरोबर होती.

मग त्यांनी कान बघितले. कानाच्या कडेवरची खपली पात्यानं हळूच खरवडून काचेवर घेतली, तेलाचा थेंब टाकला आणि कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. डोळा लावून लगेच म्हणाले, "हाय. खरूज. किडे हायत, ढिगानं. मॅडम, बघताय?"

मी बघितलं. गोल, काचेसारखे, आखूड पायांचे जीव तेलात सरपटत होते. एक स्वतःभोवती फिरत होता. मी बाजूला झाले तर आई तिथं उभी होती. तिनं चष्मा काढला, वाकली. तिला नीट दिसायला वेळ लागला. डॉक्टरांनी तिच्यासाठी एक खुंटी फिरवून दिली. मग तिला दिसलं असावं. ती बराच वेळ वाकून होती.

"जिवंत हायत की," ती म्हणाली.

"मग? म्हणून तर खाजतंय त्याला. पोट चालू झालं की एक इंजेक्शन देतो. मग काही दिवसांनी परत एक. साफ हुत्यात."

"साफ म्हंजे?"

डॉक्टर जरा गोंधळले. "मरत्यात."

आईनं चष्मा घातला. तिनं आपले हात पुढं केले, कोपराच्या आतली बाजू वर करून. "हे पण तेच का?"

डॉक्टरांनी पुरळ बघितलं. "व्हय. पण घाबरायचं कारण न्हाय मावशी. माणसाच्या अंगावर ते जगत न्हाईत. आपोआप मरत्यात."

"उपाशी?"

"व्हय, तसंच म्हणायचं."

 येताना रिक्षात तिनं टोपली मांडीवर धरली होती आणि हात पदराखाली झाकून घेतले होते.

वाळलं गवत मिळवणं सोपं गेलं. जोतिबाच्या रस्त्याकडून गवताच्या पेंढ्या घेऊन येणारे लोक मला माहीत होते. मी एक पेंढी स्कूटरवर आडवी बांधून आणली. मिक्सरमध्ये गवत दळताना घरभर धूर झाल्यासारखी धूळ उडाली. आईनं सशाला टॉवेलात गुंडाळून धरलं, मी दातांच्या बाजूच्या फटीतून सिरिंज घातली. पहिला घोट त्यानं बाहेर काढला. दुसऱ्याचा अर्धा. मग तो चघळायला लागला. चघळण्यातसुद्धा त्याला रस नव्हता, तोंडात आलंच आहे तर म्हणून. सूर्य मावळत आला तेव्हा आईनं खिडकीकडं बघितलं. तिची जेवायची वेळ निघून चालली होती.

"तू जेव. मी भरवते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. त्याला कुठं सूर्यास्ताचा नियम हाय. भरव."

ती त्या दिवशी जेवली नाही.

सोमवारी मी रजा घेतली. दुपारी त्याच्या पेटीत लेंड्या दिसल्या. बारीक, वेड्यावाकड्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या, माळेसारख्या. मी आईला हाक मारली. तिनं त्या बघितल्या आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन हात जोडले. मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. मलाही बरं वाटलं होतं. संध्याकाळी त्यानं कोथिंबिरीची एक काडी स्वतःहून ओढून घेतली आणि आमच्यासमोर खाल्ली, शेंड्यापासून देठापर्यंत.

पोट चालू झालं. आता इंजेक्शनची वेळ आली होती. मी डॉक्टरांना फोन करून वेळ ठरवायला घेतली तेव्हा आई म्हणाली, "थांब जरा."

"कशाला?"

"थांब म्हणलं."

मी थांबले. तिच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं माझ्याकडं बरंच होतं. डेंग्यूच्या दिवसांत घरात औषध फवारलं जातं, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आधी प्राण्यांवर तपासलेल्या असतात, वगैरे. पण तिनं त्या काचेत डोळा लावून त्यांना चालताना बघितलं होतं. ऐकीव किड्याबद्दलचा नियम आणि पाहिलेल्या किड्याबद्दलचा नियम तिच्या लेखी वेगळा झाला होता, एवढं मला दिसत होतं. त्याच्यापुढं माझ्या युक्तिवादांचं वजन फार नव्हतं.

तिनं कुरुंदवाडला मामाला फोन लावला. मामा तिच्यापेक्षा लहान. ऊस आणि म्हशी. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता, कारण तिला ऐकू कमी येतं.

"आप्पा, रेडकाला खरूज झाली की आपण काय लावत हुतो रे?"

"जळकं ऑइल. न्हाय तर डॉक्टर सुई देतोय आता. का गं?"

तिनं सांगितलं. किडे बघितल्याचंही सांगितलं.  पलीकडून मामा मोठ्यानं म्हणाला, "अक्का, माझ्या रानात आत्ता फवारणी चालू हाय. पंपाचा आवाज ऐकू येतोय का तुला? आणि तू एका सशाच्या खरजंचं इचारतीस?"

"तू तुझं बघ. मी माझं इचारलं."

"मग मला कशाला इचारलंस?"

"चुकलं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. ती रागावली नव्हती. त्याच्याकडून काही मिळणार नाही हे तिला आधीच ठाऊक असावं, पण भावाला विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

बस्तीतल्या उपाध्यांनाही तिनं विचारलं. ते आमच्याकडचे पुजारी. मी तिला सोडायला गेले होते, म्हणून मला ऐकू आलं. उपाध्ये म्हणाले, गृहस्थाला काही हिंसा टाळता येत नाही, भाव बघायचा. आई म्हणाली, "भाव मारायचाच हाय की. औषध त्यासाठीच हाय." उपाध्ये म्हणाले, "ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल." बाहेर येऊन चपला घालताना ती मला म्हणाली, "खरं बोलला. असं कुणी बोलत न्हाई." तिला त्या उत्तरानं मदत झाली नाही, पण ते आवडलं होतं.

या दिवसांत सशाचं अंग बिघडत चाललं. मानेवरची जागा उघडी पडली, गुलाबी, मग लाल. आई त्याला हातात घ्यायची, आपल्या हातांवर पुरळ उठतंय हे माहीत असून. मी तिला लांब बाह्यांचा माझा एक जुना स्वेटर दिला. तिनं तो घातला नाही. मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की आधी पेटी बघायचे, मग त्याचे कान, मग आईकडे. तिघांपैकी कुणाचंच मला नीट कळत नव्हतं. मी किती थांबणार होते, हे मी ठरवलेलं होतं. ती वेळ आली असती तर मी तिला न विचारता ससा घेऊन गेले असते. तसं झालं असतं तर आमच्या घरातलं काय काय बदललं असतं, याचा मी विचार केला होता आणि तरी तेच ठरवलं होतं.

ती वेळ आली नाही. एका सकाळी आई जपाला बसली होती. जप चालू असताना ती उठत नाही. दारावरची बेल वाजली तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही, वडील असताना त्यांनी हाक मारली तरी नाही. मी डबा भरत होते. ससा गॅलरीच्या दारात कान खाजवत होता, तो आवाज आम्हाला सवयीचा झाला होता. मग आवाज बदलला, ओला झाला. मी वळून बघितलं, तर कानातून रक्त येत होतं आणि त्याच्या मागच्या पायाची नखं लाल होती, तरी तो थांबत नव्हता.

आई उठली. जपमाळ पाटावर ठेवली. आली, त्याचा पाय हातात धरला आणि म्हणाली, "रिक्षा बोलव."

"जप?"

"रिक्षा बोलव, म्हणलं न्हवं?"

मी कॉलेजात फोन केला आणि रिक्षा बोलावली. जाताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी म्हणाली, "मी धरणार त्याला. तू न्हाय."

"का?"

"डॉक्टरनं टोचायचं, तू न्यायचं आणि मी घरात बसून हात जोडायचे, असं कसं? मी धरते."

तिनं धरलं. दोन्ही हातांनी, छातीशी. डॉक्टरांनी खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली आणि सुई दिली. काम क्षणात झालं. आईचे ओठ हलत होते. कानात म्हणायचा मंत्र नव्हता तो, मला ओळखू आला नाही. मी विचारलं नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, कुत्र्यांना गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध चुकूनही सशाला टाकायचं नाही, ससे त्यानं मरतात. पेटीतलं अंथरूण जाळा, टोपली उकळत्या पाण्यानं धुवा. आई ऐकत होती. पाणी उकळण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

टोपली तिनंच धुतली. अंथरूण मात्र मी गच्चीवर नेऊन जाळलं.

आमच्या घरी चहात गूळ असतो आणि आईला जेवल्यावर गुळाचा खडा लागतो. लहानपणापासूनची सवय. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती माझा चहा वेगळा करतेय. तिच्या पातेल्यातला मी घोटभर पिऊन बघितला. बिनगोड.

"गूळ घालायला विसरलीस."

"सोडलाय."

आमच्यात असं करतात. काही झालं, किंवा काही होऊ नये म्हणून, एखादी चव सोडतात. मीठ, तूप, गोड.

"कधीपर्यंत?"

"त्याच्या अंगावर केस येईस्तवर."

दुसरं इंजेक्शन ठरल्याप्रमाणे झालं, तेव्हाही तिनंच धरलं. पुढं खपल्या गळायला लागल्या. खालून नवी कातडी आली, त्यावर आधी धुक्यासारखी लव, मग आखूड, मऊ केस. मानेवरचा लाल भाग पांढरा झाला. आईच्या हातांवरचं पुरळही गेलं. ससा गवत खायला शिकला. बिस्किटाचा डबा उघडला की तो अजून धावत यायचा, आई डबा बंद करायची आणि त्याच्यापुढं गवत धरायची, आणि तो तिच्याकडं असा बघायचा की ती म्हणायची, "मी न्हाय, डॉक्टरनं सांगितलंय."

सगळीकडं केस आले. फक्त डाव्या कानाच्या कडेवर, जिथून रक्त आलं होतं तिथं, नखभर जागा उघडीच राहिली. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तिथं व्रण धरलाय, केस यायचे नाहीत, त्यानं काही बिघडत नाही. मी हे आईला सांगितलं. तिनं सशाला जवळ घेऊन ती जागा बघितली, बोट फिरवलं. तिनं गूळ परत सुरू केला नाही.

पावसाळ्यात चातुर्मास सुरू झाला. त्या चार महिन्यांत आम्ही पालेभाजी खात नाही, पानांवर जीव असतात म्हणून. सशाला पाला लागतोच. आई मेथीची, कोथिंबिरीची एकेक काडी उलटसुलट करून बघायची. किडा दिसला तर ती काडी गॅलरीतल्या कुंडीत ठेवायची आणि उरलेलं सशाला द्यायची. सकाळचा तास त्यात जायचा. त्या दमट दिवसांत त्याच्या पाठीवर परत कोंडा आला. मी संध्याकाळी घरी आल्यावर बघितला आणि ठरवलं की जेवताना विषय काढायचा. आईनंच आधी सांगितलं, "जाऊन आले."

"कुठं?"

"डॉक्टरकडं. सकाळी तू गेलीस आणि मी गेले. सुई दिली. सुरुवातीलाच हाय म्हणाला, लवकर जाईल."

ती एकटी, टोपली घेऊन, त्या गुडघ्यांनी, पावसात रिक्षा थांबवून गेली होती.

"डॉक्टर म्हणाला, मावशी, यंत्रात बघताय का? मी म्हणलं, नगो. बघितलंय एकदा."

तिनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि खिडकीबाहेर उजेड किती उरलाय ते बघितलं. 

तो ससा आमच्याकडे आहे. पोट नाजूकच राहिलं. हवा बदलली किंवा इमारतीत कुणाचं लग्न असून बँड वाजला की एखादा दिवस खाणं सोडतो. मग आम्ही टॉवेल काढतो, सिरिंज काढतो, ती धरते, मी भरवते. आता बोलावं लागत नाही.

गेल्या वर्षी मामा एका बैठकीसाठी कोल्हापुरात आला आणि जेवायला घरी थांबला. त्यानं गॅलरीत ससा बघितला. शेतकऱ्यानं जनावर बघावं तसं आधी दात, मग पाय, मग पाठ. "आणि हे देतंय काय?" त्यानं विचारलं.

"लेंड्या," आई म्हणाली.

मामा हसेल असं मला वाटलं. त्यानं पेटीत वाकून बघितलं, एक लेंडी बोटांत चुरडली, वास घेतला. कोरडी, नुसतं गवत. "चांगलं खत हाय गं हे. मोगऱ्याला चालंल," तो म्हणाला. आई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. दोघं भाऊबहीण पेटीशी वाकून पिशवी भरत होते आणि ससा बाजूला बसून गवत चावत होता. जाताना मामानं ती पिशवी धोतराच्या सोग्याखाली धरली, म्हणजे एसटीत कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, आणि जिना उतरला.